काकांची आरएक्स: नऊ महिने आणि एक पावसाळा

इंजिनाने एकदाच रडवलं, खाऱ्या वाऱ्याने रोज. समुद्राकाठी जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल पाळायचा विचार असेल तर हे आधी वाचा.

घर गुहागरजवळ. काकांची १९९४ची यामाहा आरएक्स १०० बेड्यात झापांखाली ११ वर्षं उभी होती. गेल्या दिवाळीत बाहेर काढली तेव्हा सीटखाली उंदरांचं बिऱ्हाड आणि टाकीत गंजाचा चहा. काकी म्हणाली, "अरे, कोकमाचं आगळ ओत की, भांडी लख्ख होतात." आगळात मीठ असतं म्हणून ऐकलं नाही. नटबोल्ट टाकून टाकी दोन दिवस खुळखुळवली.

इंजिन म्हणाल तर साधं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५०, सगळं मिळून ९८ सीसी. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट, म्हणून एवढ्याशा गाडीला ११ बीएचपी. पण पहिल्याच महिन्यात पांढऱ्या धुराचे लोट निघायला लागले. एका गॅरेजवाल्याने न उघडताच सांगितलं, रिंगा गेल्या, बोअर मारा. मग काकांच्या जुन्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी सिलेन्सरमागे वाकून नुसता वास घेतला. "हा टूटीचा वास नाय. गिअर ऑइल जळतंय." (टूटी म्हणजे पेट्रोलसोबत जळणारं टू-स्ट्रोकचं ऑइल.) आणि खरंच, गिअर ऑइल निम्म्यावर आलं होतं! टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं. तो डबा हवाबंदच लागतो. क्लचकडचं ऑइल सील उभ्या उभ्या कडक झालं होतं, त्यातून ऑइल खेचलं जात होतं. पलीकडचं, मॅग्नेटोच्या बाजूचं गेलं असतं तर हवा खेचून पिस्टन जाम झाला असता. दोन्ही बदलली. ऑनलाइन घेतलेली पहिली जोडी डुप्लिकेट, तीन आठवड्यांत गेली. स्वस्त सील घेऊ नका, बाकी कुठेही काटकसर करा.

सिलेन्सरची आतली जाळी काका करवंट्यांच्या विस्तवात घालायचे. मीही तेच केलं. वाडीतली पोरं भोवती जमली. ओला काळा थर आधी धुमसला, मग पेटला, आणि थंड झाल्यावर जाळी आपटली तर खपल्या पडल्या. तो मोकळा फुटका आवाज परत आला.

आता तक्रारी. स्पोक महिन्याभरात तांबडे होतात, ऑइलचा बोळा रोज फिरवावा लागतो. पावसात पुढचा ड्रम ब्रेक म्हणजे विनंतीअर्ज. घाट उतरताना इंजिन गाडी धरत नाही, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून उतरलात तर टूटीचा पंपही अगदी थोडं ऑइल देतो. उतारावर मधूनमधून क्लच दाबून रेस द्यायची. इथेनॉलच्या पेट्रोलने कार्ब्युरेटरचं रबर फुगतं, तेव्हा गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. अ‍ॅव्हरेज ३८च्या आसपास, वर टूटीचा खर्च वेगळा.

जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरलं की लगेच चढ लागतो. गेल्या महिन्यात काकीला मागे बसवून आणत होतो. गाडी चढाला घुटमळायला लागली तशी पाठीवर थाप पडली.

"चौथा काढ. ते इथे तिसराच टाकायचे."