मोगऱ्याची साखर, गुलाबाची साखर की सरळ गुलकंद?

चैत्र लागला की आमच्या गॅलरीतला मोगरा वेड्यासारखा फुलतो, देवाला वाहून, केसात माळून पण ओंजळभर उरतोच, म्हणून दोन वर्षांपूर्वी उरलेली फुलं साखरेत घालून बघितली आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे हाच उद्योग. यंदा वसईची वहिनी म्हणाली, एकच करायची तर कुठली करू ते सांग. फोनवर तासभर जे बोलले तेच जरा नीट लिहितेय.

आधी मोगरा. याची गंमत अशी की कळी झाडावरून तोडली तरी संध्याकाळी उमलतेच आणि रात्रभर वास सोडत राहते. चीनमध्ये जॅस्मिन टी याच जोरावर करतात, चहाच्या पानांत ताज्या कळ्या मिसळून रात्रभर ठेवायच्या आणि मग चाळून काढायच्या. आपण चहाच्या जागी साखर घ्यायची, बस. पाव किलो साखरेला पंचवीस-तीस टपोऱ्या कळ्या, दुपारी उशिरा तोडलेल्या, हिरवे देठ काढलेले (मी पहिल्यांदा देठासकट घातल्या, साखरेला हिरवट कडू वास आला), साखरेचा थर मग कळ्यांचा थर असं बरणीत भरायचं आणि सकाळी फुलं तपकिरी पडायच्या आत एकेक वेचून टाकायची. मग साखर ताटात पसरून तासभर पंख्याखाली, कारण फुलातलं पाणी तिने ओढलेलं असतं. रात्री परत नव्या कळ्या. एका रात्रीत काहीही होत नाही, निदान तीन-चार रात्री करावं लागतं, आणि रंग शून्य, बघणाऱ्याला ती साधी साखरच वाटते. पण बरणी उघडली की जो वास येतो ना!

गुलाबाचं बरोबर उलटं आहे. तोडला की वास उडायला लागतो, त्यामुळे सकाळी लवकर तोडून लगेच वाटायचा, संध्याकाळपर्यंत वाट बघत बसायचं नाही. शंभर ग्रॅम साखर आणि दोन मुठी पाकळ्या, पाकळीच्या बुडाशी जो पांढरा भाग असतो तो कडू लागतो म्हणून खुडून टाकायचा, आणि मिक्सरला थांबत थांबत फक्त तीन-चार वेळा फिरवायचं, सलग फिरवलं तर भांडं गरम होतं आणि वास तिथेच गेला. ओलसर गुलाबी भुसा तयार होतो तो ताटात पसरून सावलीत दीड-दोन दिवस वाळवायचा, उन्हात रंग विटतो, मग परत एकदा फिरवायचा. चिमूटभर सायट्रिक ॲसिड घातलं तर गुलाबी रंग छान खुलतो, नाहीतर वाळता वाळता जांभळट मळकट दिसायला लागते. गुलाब मात्र गावठीच हवा. बुकेतला लांब दांड्याचा गुलाब दिसायला राजा असतो पण वासाच्या नावाने बोंब, शिवाय त्यावर काय काय फवारलेलं असतं देव जाणे.

आता गुलकंद यात कशाला आणला? कारण जिथे साखर फसते तिथे गुलकंद जमतो. साखर करताना पाणी आपला शत्रू असतो आणि गुलकंदात तेच पाणी हवं असतं, पाकळ्यांना सुटलेल्या पाण्यात खडीसाखर विरघळूनच तो होतो. वजनाला सारख्या पाकळ्या आणि खडीसाखर, काही लोक साखर दुप्पट घेतात, काचेच्या बरणीत भरून तीन-चार आठवडे उन्हात, अधूनमधून कोरड्या चमच्याने हलवायचं. बाकी काही नाही.

म्हणजे काय करायचं ते आवडीपेक्षा तुमच्या हवेवर ठरतं असं माझं ठाम मत झालंय. पुणे, नगर, नागपूर अशा कोरड्या हवेत मार्च-एप्रिलमध्ये साखर दिवसात खडखडीत वाळते, तिथे मोगरा बिनधास्त करा. मुंबई-कोकणात घामाघूम हवेत तीच साखर ढेकूळ होते, तिथे गुलकंद बरा.

वापराचं पण बघा. चहात यातलं काहीही घालू नका, उकळत्या पाण्यात वास पळतो आणि मेहनत वाया. मोगऱ्याची साखर श्रीखंडाला, चक्क्यात इतर कसलाही वास न घालता, वेलची तर अजिबात नाही. गुलाबाची साखर गार झालेल्या खिरीवर, शंकरपाळ्यांवर भुरभुरवायला, कारण तिला रंग आहे.

लिंबाच्या फुलांची साखर मी एकदाच केली, वास तिन्हीत भारी, पण फूल तोडलं की लिंबू गेलं. अंगणात झाड असेल तर खाली धुतलेलं फडकं पसरून गळलेली ताजी फुलं घ्या. विदर्भात संत्र्याची बाग असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहाराची फुलं पण अशीच.

एक गोष्ट मात्र सगळ्यात महत्त्वाची. बाजारातला गजरा वापरायचा नाही, फवारणीचं काही कळत नाही. आणि पांढरं सुवासिक म्हणून तगर, चाफा, कण्हेर उचलू नका, तोडल्यावर पांढरा चीक येतो ते झाड सोडून द्यायचं, कण्हेर तर चक्क विषारी आहे. सदाफुलीही नको.

वहिनीला सांगितलं, तू वसईला आहेस, गुलकंद कर. तिने अर्थातच मोगराच केला. काल फोन, साखरेचा दगड झालाय, फेकू का? म्हटलं अजिबात नको, बत्त्याने फोड आणि लिंबू सरबतात टाक, तिथे ढेकूळ कोण बघतंय.