टेरर की हॉरर: कडी हलते तेव्हा कोणता शब्द घ्यावा

मराठी कथा इंग्रजीत नेणाऱ्याला 'फिअर' हा शब्द फार लवकर अपुरा पडतो. आपल्याकडे माणसाची गाळण उडते, बोबडी वळते, पाचावर धारण बसते. या सगळ्यांवर 'फिअर'चा एकच शिक्का मारत गेलं की मजकूर पांचट होतो. मग जरा वजनदार शब्द हवा म्हणून हात जातो तो 'टेरर' किंवा 'हॉरर'कडे. 'ड्रेड' आहे, पण ती धास्ती. आठवडाभर मनात घर करून राहणाऱ्या भीतीला तो बरा, एका क्षणाला नाही. 'पॅनिक'मध्ये धांदल जास्त. म्हणून इथे दोघांचाच विचार करतो.

शब्दकोश काढून बसलात तर दोन्हींपुढे साधारण सारखंच लिहिलेलं दिसेल: तीव्र भीती. मीही बरीच वर्षं कानाला जे बरं वाटेल ते लिहीत होतो, आणि कानाला 'हॉरर' बरा वाटायचा. त्यातला लांबलेला 'हॉ' उगाच गंभीर वाटतो.

मग एका कथेत अडलो. मध्यरात्र आहे, घरात बाई एकटी आहे, आणि तिच्या डोळ्यांदेखत दाराची आतली कडी हळूच वर सरकते. बाहेरून कुणीतरी फटीत पट्टी घालून ती उचलतंय. मूळ मराठीत लेखकानं लिहिलं होतं, 'तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं.' मी लिहिलं, 'शी वॉज हॉरिफाइड.' इंग्रजीत वाढलेली एक मैत्रीण माझे खर्डे वाचते. तिनं त्या वाक्याशेजारी पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं: 'का? कडी अस्वच्छ होती का?'

दोन दिवस मला तो शेरा खवचट वाटला. तिसऱ्या दिवशी पटला. 'हॉरिफाइड' झालेला माणूस घाबरलेला असेलच असं नाही. तो बहुतेक वेळा बघ्या असतो. समोर काहीतरी अघोरी, किळसवाणं किंवा नुसतंच अशोभनीय घडलंय आणि ते पाहून त्याला धक्का बसलाय. पाहुण्यांनी जेवणाच्या टेबलावर पाय ठेवले तर यजमानीण 'हॉरिफाइड' होते. तिला पाहुण्यांची भीती थोडीच वाटते! चुकून सगळ्या ऑफिसला खासगी निरोप गेला की माणूस 'टु माय हॉरर' म्हणून किस्सा सांगायला लागतो. म्हणजे घडून गेलेलं काहीतरी दिसणं, कळणं, उघडकीला येणं यात असतंच. कडीच्या प्रसंगात अजून काहीच दिसलेलं नाही. जे व्हायचंय ते दाराच्या पलीकडे आहे आणि ते तिच्यावरच येणार आहे. तिथे 'टेरिफाइड'च हवं होतं.

हीच एक गोष्ट मला पुढेही छळत राहिली, आणि खरं सांगायचं तर निर्णय तिनंच केला. 'हॉरर' लिहिला की पात्र आपोआप दोन पावलं मागे सरकून प्रेक्षक होतं. मला पात्र दाराशीच उभं हवं असतं.

दोन्ही शब्दांचं मूळ पाहिलं तेव्हा हा फरक आधीपासूनचा आहे हे लक्षात आलं. दोघेही मूळचे लॅटिन, फ्रेंचच्या वाटेनं 14व्या शतकाच्या आगेमागे इंग्रजीत आलेले. लॅटिन 'हॉरेरे' म्हणजे केस ताठ उभे राहणं, अंगावर काटा येणं. संस्कृतातला 'हृष्' धातू याच कुळातला. त्यातूनच आपला 'हर्ष' आला आणि 'रोमहर्ष'ही. काटा भीतीनं येतो तसा आनंदानंही येतो. म्हणून तर शेवटच्या चेंडूपर्यंत रंगलेल्या सामन्याला आपण 'रोमहर्षक' म्हणतो. इंग्रजीनं मात्र त्यातली काळी बाजू तेवढी ठेवली. काटा येण्याला इंग्रजीत 'हॉरिपिलेशन' असा एक भारदस्त शब्दही आहे, पण तो कथेत वापरायच्या फंदात पडू नये.

'टेरेरे' म्हणजे घाबरवणं, आणि त्याच्याही मागचा धातू थरथरण्याचा. संस्कृतात त्याचा भाऊ 'त्रस्'. म्हणजे 'टेरर' आणि आपला 'त्रास' हे लांबचे चुलतभाऊ! संस्कृतात 'त्रास'चा अर्थ भीतीच होता. मराठीत येईपर्यंत तो इतका निवला की आता डासांचाही त्रास होतो आणि पित्ताचाही. (ध्वनी सारखा म्हणून 'त्राहि त्राहि' याच घरचं वाटतं, पण ते 'वाचव' या अर्थाच्या वेगळ्या धातूचं आहे.)

काटा आणि कंप ही दोन्ही लक्षणं एकाच ओळीत पाहायची असतील तर गीतेच्या पहिल्या अध्यायात जा. 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते', अर्जुन म्हणतो. शरीर कापतंय आणि रोमांचही उभे राहिलेत. पण अर्जुनाला स्वतःच्या जिवाची भीती आहे का? नाही. तो समोर उभे असलेले स्वजन पाहतोय आणि आपल्या हातून काय होणार आहे ते त्याला दिसतंय. इंग्रजीत सांगायचं झालं तर कंप असूनही मी तिथे 'हॉरर'च म्हणेन. तेव्हा लक्षणांवरून शब्द निवडायला गेलात तर फसाल. भीती कुणासाठी आणि कशाची, ते बघावं लागतं.

दोन्ही शब्दांच्या नातेवाइकांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. 'हॉरर'च्या घरातला 'अ‍ॅभॉर' म्हणजे तिरस्कारानं मागे सरणं. 'टेरर'च्या घरातला 'डिटर' म्हणजे धाक घालून पुढच्या कृत्यापासून परावृत्त करणं. एकाचं तोंड झालेल्या गोष्टीकडे, दुसऱ्याचं होऊ घातलेल्या. इंग्रजीत भयकथांचा जम बसवणाऱ्या अ‍ॅन रॅडक्लिफ यांनीही ही फोड केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर, 1826 साली छापल्या गेलेल्या एका निबंधात त्या म्हणतात त्याचा मथितार्थ असा: टेररनं मन विस्तारतं, जागं होतं, हॉररनं ते आकसतं, गोठतं. यातलं 'विस्तारतं' मला थोडं जास्त वाटतं, पण कान टवकारले जातात एवढं नक्की.

वापरातली एक साधी खूण सांगतो. 'टेरिफाइड ऑफ' चालतं: कुत्र्यांना, उंचीला, परीक्षेला. म्हणजे भीती कायमची मुक्कामाला असू शकते. 'हॉरिफाइड ऑफ' कुणी म्हणत नाही. तिथे 'अ‍ॅट', 'बाय' किंवा 'टु सी' येतं, कारण काहीतरी समोर यावंच लागतं. डॉक्टर लोकांनीही शब्द नेमका उचललाय. लहान मूल रात्री पहिल्या गाढ झोपेतच किंचाळत उठून बसतं, डोळे उघडे असतात पण आईला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, त्याला 'नाइट टेरर' म्हणतात. दुःस्वप्नात निदान काहीतरी पाहिलेलं असतं, जाग आल्यावर ते सांगता येतं. इथे सांगण्यासारखं काही नसतं, नुसती भीती.

आता 'टेरर'च्या उणिवा. त्या नाहीत असं मी म्हणणार नाही. सगळ्यात मोठी अर्थात त्याच्यामागे लागलेला 'इझम'. फ्रान्समध्ये 1793-94 साली राज्यकर्त्यांनीच गिलोटिनचा धाक घालून राज्य केलं. त्या काळाला 'द टेरर' असं नाव पडलं आणि 'टेररिझम' तिथूनच निघाला. त्यामुळे आज शीर्षकात नुसतं 'टेरर' लिहिलंत की वाचकाला बॉम्ब ऐकू येतो. आपल्या 'दहशत'ची वेगळी काय गत आहे? दुसरी अडचण विशेषणांची. 'टेरिबल' म्हणजे निव्वळ वाईट, 'टेरिफिक' म्हणजे चक्क झकास. शिवाय मराठी कॉलेजांत कडक सरांनाही 'टेरर' म्हणतात, त्यामुळे आपल्या कानाला शब्द थोडा विनोदीही लागतो.

पण यावर उपाय आहे. शीर्षकात तो घालू नका, नामाऐवजी 'टेरिफाइड' वापरा, निम्मी अडचण मिटते. 'हॉरर'चं तसं नाही. त्याच्यावर भुताखेतांच्या सिनेमांचं लेबल तर आहेच, आणि क्रियापद केलं की तो लगेच नाक मुरडायला लागतो. हे वाक्यरचना बदलून जात नाही, मी बऱ्यापैकी प्रयत्न करून पाहिलाय. युद्ध, अपघात, छळ यांबद्दल लिहीत असाल तर कदाचित तुमचा अनुभव उलटा असेल. 'हॉरर्स ऑफ वॉर'ला पर्याय मलाही सापडलेला नाही. पण घरात, अंधारात, एकट्या माणसाची भीती लिहायची असेल तर मी आधी 'टेरर'कडे बघतो आणि तो बसतच नसेल तरच दुसरीकडे.

त्या कथेत पुढे बाई स्वतःच दार उघडते आणि उंबऱ्यात काय पडलंय ते तिला दिसतं. कडीच्या वाक्यात मी 'टेरिफाइड' केलं. उंबऱ्याच्या वाक्यातलं 'हॉरर' तसंच ठेवलं. त्या पानावर पेन्सिलीचा शेरा नव्हता.