केराटोकोनसची ग्रेड स्कॅनवर काढताना: लातूरमधला वापरानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात आमच्या क्लिनिकमध्ये फिरत्या कॅमेऱ्याचं कॉर्नियल टोमोग्राफी मशीन आलं; ते कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार आणि जाडी मोजतं. तोवर केराटोकोनसचा, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन सुळक्यासारखा पुढे येण्याच्या आजाराचा, संशय आला की पेशंटला सोलापूरची नाहीतर संभाजीनगरची वाट दाखवायची. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, स्कॅन मीच काढते.

सगळ्यात कामाचं ठरलं ते एबीसीडी ग्रेडिंग. जुन्या अ‍ॅम्सलर-क्रुमाइख पद्धतीत सगळं मिळून एकच स्टेज निघायची आणि कॉर्नियाची मागची बाजू हिशेबातच नसायची. इथे ए म्हणजे पुढची वक्रता, बी मागची, सी सगळ्यात पातळ जागेची जाडी, डी चष्म्यासह नजर; प्रत्येकाला ० ते ४, आकडा जितका मोठा तितका बिघाड जास्त. ए० आणि बी२ असं आलं की ६/६ वाचणाऱ्या पोराचीही फाईल मी बाजूला काढते. डी मात्र मशीन मोजत नाही, तक्त्यावर तपासून आपणच भरायची. ओपीडीला गर्दी असली की नेमकी तीच राहते.

स्कॅन जेमतेम दोन सेकंदांचा, पण मे महिन्यात कोरड्या डोळ्यांची पापणी तेवढा वेळही उघडी राहत नाही. डोळे मिटून उघडायला लावायचे आणि लगेच घ्यायचा. क्वालिटी ओके आली नाही तर ग्रेड वाचूच नये. खरी कटकट हार्ड कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांची. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून आधी दोन-तीन आठवडे ती बंद हवी. नीटची टेस्ट सिरीज चालू असलेल्या पोरांना हे सांगितलं की ती रडकुंडीला येतात. लेन्सशिवाय फळाच दिसत नाही त्यांना.

रंगांचं वेगळंच. औशाकडचे एक काका स्क्रीन बघून म्हणाले, "मॅडम, हे लाल म्हंजी आत रगत हाय का?" लाल म्हणजे तिथे वक्रता जास्त, एवढंच. शिवाय रंगपट्टी बदलली की तोच डोळा फिका दिसतो, म्हणून आम्ही एकच पट्टी कायम ठेवली आहे. काकांना मी आकडा दाखवला: पोराची जाडी ४५२ मायक्रॉन, साधारण डोळ्याची ५४० च्या आसपास. ते त्यांना लगेच पटलं, आणि पोराला डोळे चोळण्यावरून (चोळल्याने हा आजार वाढू शकतो) तिथेच दम मिळाला.

क्रॉस-लिंकिंग (औषधाचे थेंब आणि अतिनील किरणांनी कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार) करायचं का, हे बहुतेक वेळा एका ग्रेडवर ठरत नाही. आजार वाढतोय का ते बघावं लागतं. केमॅक्स, म्हणजे कॉर्नियाच्या सगळ्यात जास्त वक्रतेचा डायॉप्टरमधला आकडा, वर्षात १ डायॉप्टरने वाढला की डॉक्टर सावध होतात. पण आजार पुढे गेलेल्या डोळ्यात एकाच बैठकीतले तीन स्कॅनही आपसात जुळत नाहीत, तेव्हा तिथे एवढ्याशा फरकावर माझा भरवसा नाही. दुसऱ्या बनावटीच्या मशीनवरचा रिपोर्ट तर शेजारी ठेवून तुलना करण्याजोगा नसतोच. लोक मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरचा अर्धा कापलेला फोटो पुढे करतात, त्यात तारीखही नसते. म्हणून हल्ली प्रत्येक प्रिंटवर लेन्स किती दिवस बंद होती ते मी पेनाने लिहून देते.