तुमची विचार करण्याची तऱ्हा : कोणती प्रश्नावली भरावी, कोणती सोडावी

दहावी-बारावीच्या निकालांचे दिवस आले की ‘मुलाचा कल ओळखा’ असे फलक फोंडा, म्हापसा, मडगाव सगळीकडे दिसू लागतात. नोकरदारांनाही सुटका नाही. वेर्ण्याच्या कारखान्यातला नाहीतर पणजीच्या कार्यालयातला एचआरवाला एक लिंक पाठवतो आणि सांगतो, अर्धा तास काढून भरा, तुमची ‘थिंकिंग स्टाइल’ कळेल. मग प्रश्न सुरू होतात. फुकटातली चालेल का? पैसे भरून घेतलेली जास्त खरी असते का? आणि निकाल हातात आल्यावर त्याचे करायचे काय?

माझा कौल आधीच सांगून टाकते. फक्त स्वतःसाठी बघायचे असेल तर स्वभावाचे पाच घटक मोजणारी ‘बिग फाइव्ह’ आणि तिच्या जोडीला, विचार करायला किती आवडते हे विचारणारी ‘नीड फॉर कॉग्निशन’ ही छोटी प्रश्नावली, दोन्ही फुकट. चार-आठ जणांना एकत्र बसवून कामाच्या पद्धतींवर बोलायचे असेल तर हर्मनची चार रंगांची, पण नंतर बोलायला वेळ काढणार असाल तरच. माणसांचे सोळा प्रकार पाडणारी एमबीटीआय गप्पांपुरती. मुलांसाठी शिकण्याची पद्धत सांगणारी व्हार्क आणि बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी चाचणी, दोन्हींवर पैसे घालवू नका.

सोळा खोक्यांची एमबीटीआय

सर्वांत गाजलेली हीच. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१ साली मांडलेल्या व्यक्तिप्रकारांवरून ती बेतली. दोघींनीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. तेवढ्यावरून कोणाला मोडीत काढू नये, पण ठाऊक असावे. चार जोड्या, प्रत्येक जोडीतले एक अक्षर तुमचे, अशी चार अक्षरे मिळून सोळा प्रकार.

गोची आहे ती या ‘एक अक्षर तुमचे’ मध्ये. ‘विचार की भावना’ ही जोडी घ्या. माणसे दोन टोकांना घोळका करून उभी नसतात, बहुतेक जण मधल्या पट्ट्यात असतात. चाचणी मात्र बरोबर मधोमध रेघ मारते. रेघेच्या किंचित अलीकडचा आणि किंचित पलीकडचा, दोघे जवळजवळ सारखे असूनही वेगवेगळ्या खोक्यांत जातात. उलट रेघेपासून फार लांबचा आणि रेघेला टेकलेला हे दोघे एकाच खोक्यात बसतात. म्हणूनच काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की कितीतरी जणांचे एखादे अक्षर बदललेले असते. माणूस बदललेला नसतो, रेघेजवळचा पाय इकडचा तिकडे झालेला असतो.

अगदीच पोकळ आहे असेही नाही. मॅक्रे आणि कोस्टा या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवले की तिच्या चार मोजपट्ट्या बिग फाइव्हमधल्या चार घटकांशी बऱ्यापैकी जुळतात. पाचवा घटक, म्हणजे मन किती लवकर अस्वस्थ होते तो, तिच्यात नाहीच. त्यामुळे निकाल वाचून कोणाचे मन दुखत नाही, आणि लोकप्रियतेचे एक कारण मला तरी तेच वाटते. नोकरीसाठी माणसे निवडायला ही चाचणी वापरू नका, असे तिचे प्रकाशकच सांगतात. आणखी एक : मोबाइलवर फुकट भरून जी चार अक्षरे आपण मिरवतो ती बहुधा ‘सिक्स्टीन पर्सनॅलिटीज’ या संकेतस्थळाची असतात. अक्षरे तीच, चाचणी वेगळी.

हर्मनचे चार रंग

जनरल इलेक्ट्रिक कंपनीत व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाचे काम पाहणाऱ्या नेड हर्मनने १९७० च्या दशकात ही बांधायला घेतली. निळा म्हणजे विश्लेषण, हिरवा म्हणजे क्रम आणि शिस्त, लाल म्हणजे माणसे, पिवळा म्हणजे कल्पना. प्रत्येकाला चारही रंगांचे आकडे मिळतात, कोणालाही एका खोक्यात कोंबले जात नाही. एमबीटीआयपेक्षा ही मला इथेच सरस वाटते.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळे-पाने टांगायची लाकडी चौकट, बांधणारे घर डोळ्यांसमोर आणा. एकाला चिंता चौकटीची : नारळांची पेंड, सुपारीची कातरे, तोरंजने, चिबूड, एवढा भार ती पेलणार का, आणि मधल्या दोरीला गाठ कसली मारायची. दुसरी हातात यादी घेऊन बसलेली, आंबाडे आले, निरफणस राहिला, चारनंतर बाजारात काही मिळायचे नाही. तिसऱ्याचे लक्ष माणसांवर : दरवर्षी पहिला नारळ काका बांधतात, ते अजून पोचले नाहीत, तोवर थांबूया, आणि पोरांनाही चार फळे बांधू द्या. चौथी म्हणते, यंदा मोर करूया, कातरांचा पिसारा. चौघेही माटोळीच बांधतात आणि भांडतातही तिथेच, कारण प्रत्येकाला वाटते की बाकीचे मुद्द्याचे सोडून भलतेच बोलताहेत. हर्मनच्या चाचणीचा खरा उपयोग एवढाच, पण तो छोटा नाही. यादीवाली मोरवालीला अडवत नसून तिची काळजी वेगळी आहे, हे टेबलावर बसून बोलता येते.

मात्र तिच्या भोवतीची मेंदूची चित्रे मनावर घेऊ नका. हर्मनने रॉजर स्पेरीचे दुभंगलेल्या मेंदूवरचे काम आणि पॉल मॅक्लीनची तीन थरांच्या मेंदूची कल्पना यांतून प्रेरणा घेतली. स्पेरीला १९८१ चे नोबेल मिळाले, पण त्याचे रुग्ण वेगळे होते, त्यांच्या दोन गोलार्धांना जोडणारा पूल शस्त्रक्रियेने कापलेला होता. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात हजाराहून अधिक मेंदूंचे स्कॅन तपासले, तेव्हा ‘डाव्या मेंदूची माणसे’ आणि ‘उजव्या मेंदूची माणसे’ असे काही गट सापडले नाहीत. हर्मन स्वतःही नंतर चार भागांना रूपकच म्हणत असे. प्रशिक्षक विसरतात.

ही प्रमाणपत्रधारक प्रशिक्षकामार्फतच मिळते आणि स्वस्त नाही. कंपनी पैसे भरत असेल आणि निकालानंतर निदान एक सकाळ सगळे मिळून बसणार असाल तर घ्या. नुसती रंगीत पीडीएफ ईमेलवर येणार असेल तर त्या पैशांत सगळ्यांना फिशकरी राईस खायला न्या, चर्चा तिथे जास्त होईल.

बिग फाइव्ह आणि नीड फॉर कॉग्निशन

बिग फाइव्ह दिसायला नीरस आहे. प्रकाराला नाव नाही, रंग नाही, फक्त पाच आकडे आणि त्यांखालचे पोटआकडे. संशोधक विश्वास टाकतात तो मात्र हिच्यावर. लुइस गोल्डबर्ग यांनी प्रश्नांचा मोठा साठा सर्वांसाठी खुला केला, त्यातूनच १२० प्रश्नांची फुकट आवृत्ती तयार झाली. भरायला वीसेक मिनिटे पुरतात. विचारांच्या तऱ्हेसाठी पाचही आकडे सारख्या महत्त्वाचे नाहीत. ‘अनुभवांचा मोकळेपणा’ या घटकाखालचे कल्पनाशक्ती आणि बौद्धिक कुतूहल, आणि ‘कर्तव्यदक्षता’ या घटकाखालचे नीटनेटकेपणा आणि सावधपणा, या चार ओळी आधी वाचा. निकालात टक्केवारीतले स्थान, म्हणजे शंभरातल्या किती जणांच्या पुढे तुम्ही आहात ते, दिलेले असते ते कोणाच्या तुलनेत, हेही पाहा. बहुतेकदा ते इंटरनेटवर इंग्रजीतून प्रश्नावली भरणाऱ्या परदेशी लोकांच्या तुलनेत असते. सत्तरी तालुक्यातल्या शिक्षकाने ‘बोलकेपणात तिसाव्या टक्क्यावर’ असे वाचून खट्टू व्हायचे कारण नाही.

नीड फॉर कॉग्निशन ही कॅसिओपो आणि पेटी यांनी १९८२ मध्ये मांडली, १९८४ मध्ये तिची १८ विधानांची आवृत्ती आली. विचार करणे हे काम तुम्हाला आवडते का, एवढेच ती विचारते. सोप्या प्रश्नापेक्षा गुंतागुंतीचा बरा वाटतो. गरज असेल तेवढेच डोके चालवतो. तासन्‌तास एखाद्या गोष्टीवर विचार करण्यात समाधान मिळते. अशी विधाने, प्रत्येकापुढे एक ते पाच गुण. नऊ विधाने मुद्दाम उलटी आहेत, त्यांचे गुण सहातून वजा करून धरायचे. पेन-कागदावर होते. गुण कमी आले म्हणजे बुद्धी कमी असे नाही. अशा माणसाला पुष्कळदा जाणत्याचा सल्ला किंवा ठरलेली पद्धत पुरेशी वाटते, आणि पुष्कळ कामांत तेच शहाणपणाचे असते.

आवड वेगळी आणि सवय वेगळी, हे तपासायला शेन फ्रेडरिकचे एक २००५ सालचे कोडे रुपयांत मांडते. बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपये. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग. चेंडू केवढ्याचा? झटकन दहा येतात, पण दहाचा चेंडू म्हणजे ११० ची बॅट, एकूण १२०. उत्तर पाच. विचार करायला मनापासून आवडते असे लिहिणारेही इथे दहा म्हणून मोकळे होतात. प्रश्नावली फक्त आवड नोंदवते.

‘अगदी माझेच वर्णन!’

कोणतीही चाचणी निवडा, हे वाक्य तोंडून निघेलच. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोररने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि प्रत्येकाला ‘त्याचे’ वर्णन लिहून दिले. ते किती जुळते याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. वर्णन सगळ्यांना एकच होते, बरेचसे ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेले. तेव्हा जुळले म्हणजे चाचणी खरी, असे मानू नका. त्यापेक्षा तुमचा आणि ओळखीच्या दोघांचा असे तीन अहवाल नावे झाकून, पिसून घरच्या माणसापुढे ठेवा आणि विचारा, यातला माझा कोणता. ओळखता आला तर त्यात काहीतरी आहे.

घरच्या माणसालाच का विचारायचे, त्यालाही आधार आहे. सिमीन वझीर यांच्या २०१० च्या अभ्यासात दिसले की मनातली अस्वस्थता आपली आपल्याला जास्त कळते, पण बुद्धी आणि कल्पकता यांचा अंदाज मित्रांना आपल्यापेक्षा चांगला येतो. म्हणून बिग फाइव्ह भरताना बायको, नवरा किंवा जुन्या सहकाऱ्याकडून तुमच्याबद्दल तीच प्रश्नावली भरून घ्या. दोन्हींत जिथे मोठी तफावत दिसेल तिथे बोला. ‘मी फार लवचीक आहे’ या समजुतीचा निकाल तिथेच लागतो.

मुलांसाठी आणि नोकरीसाठी

व्हार्क ही न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगची : बघून, ऐकून, वाचून की करून शिकता? पसंती असते हे खरे, पण त्या पसंतीप्रमाणे शिकवले तर जास्त शिकता येते, याला पुरेसा पुरावा नाही, असे २००८ च्या एका मोठ्या आढाव्याने स्पष्ट केले. मूल ‘बघून शिकणारे’ निघाले म्हणून त्याला निबंध लिहिण्यातून सूट मिळू नये.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या डीएमआयटीबद्दल एवढेच की त्या रेषा आईच्या पोटातच ठरतात आणि विचारांच्या सवयींशी त्यांचा संबंध कोणी सिद्ध केलेला नाही. ते पैसे शाखा निवडण्याआधी मुलाला दोन-तीन कामाच्या ठिकाणी दिवसभर बसवायला खर्च करा, आणि शाळेत समुपदेशक येत असतील तर आधी त्यांना भेटा.

नोकरीतल्या लिंकचे वेगळे. साहेब निकाल बघणार हे ठाऊक असले की हात आपोआप ‘योग्य’ उत्तरावर जातो. म्हणून भरण्याआधी लेखी विचारून घ्या : अहवाल कोण वाचणार, किती दिवस ठेवणार, बढतीच्या वेळी काढणार का. ‘काढणार’ असे उत्तर आले तर ती परीक्षा समजून भरा, आणि खरी प्रश्नावली घरी, कोणाला न दाखवता.