घरच्या घरी कॅमो रंग: छर्ऱ्याची बंदूक, ट्रायपॉड आणि लेन्सहूड, एका मोसमाच्या वापरानंतर

पक्ष्यांचे फोटो काढायच्या आणि नेमबाजीच्या सामानाला मी कॅमो, म्हणजे आजूबाजूत मिसळून जाणारा रंग मारला. तो टिकला का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. हूडवर झकास बसलाय, ट्रायपॉडवर बऱ्यापैकी, बंदुकीच्या दस्त्यावर अर्धामुर्धा. तिन्हीकडे कॅन तेच होते. फरक पडला तो खालची जागा किती घासली होती त्याने.

सामान साधंच. .१७७ बोअरची छर्ऱ्याची बंदूक (शेतावर कागदी टार्गेट मारायला, पाखरांना नाही), ॲल्युमिनियमचा जुना ट्रायपॉड आणि लेन्सच्या तोंडावर बसवायचा प्लॅस्टिकचा हूड. रंग इंदूरच्या सियागंज बाजारातून आणले: खाकी, मातकट तपकिरी आणि थोडा ऑलिव्ह, सगळे मॅट. दुकानदार ग्लॉसीच गळ्यात मारत होता, 'भिया, चमक मस्त आएगी' म्हणत. अहो, चमक घालवायलाच तर हा सगळा खटाटोप!

हिरवा मुद्दाम कमी घेतला. बाजारातला तयार कॅमो माल बहुतेक गर्द हिरवा असतो, पण आपल्या मालव्यात गहू निघाला की पार पावसाळ्यापर्यंत सगळं पेंढ्याच्या रंगाचं. यशवंतसागर तलावाच्या काठावर हिरवा ट्रायपॉड काळ्यापेक्षा फार वेगळा दिसत नाही. नक्षीही बारीक नको. थोडं लांब गेलं की बारीक ठिपके एकजीव होतात आणि नुसता करडा दांडा दिसतो. तळहाताएवढे फिकट-गडद पट्टे तिरके मारले तर वस्तूची सरळ रेघ तुटते. पट्ट्यांच्या कडांना बाभळीची डहाळी धरून वरून फवारा मारला. तेवढी हौस पुरे.

खरी मेहनत रंगाआधीची. तेलाचा अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मरेपर्यंत घासायचं, प्लॅस्टिकला त्याचा वेगळा प्रायमर. मग साधारण २५ सेंटिमीटरवरून पातळ हात, मध्ये सुकू देत. दस्त्याचं लाकूड चांगलं, त्यावरचं व्हार्निश खरवडायचं जिवावर आलं, म्हणून वरवर घासलं. गाल टेकतो तिथले पोपडे आता निघालेत. पावसाळ्यात फवारू नका, ओलाव्याने रंगावर पांढुरकी झाक येते. मेच्या दुपारीही नको, थेंब हवेतच सुकतात आणि वर खरखरीत भुकटी बसते.

बंदुकीवर मास्किंग टेप सढळ हाताने लावा. नळीचं तोंड, मोडणीचा सांधा, छर्रा भरतो ती जागा, ट्रिगर, सेफ्टी, दुर्बिणीच्या काचा आणि तिच्या चकत्यांवरचे आकडे, यांपैकी कुठेही थेंब जाता कामा नये. नळी साफ करायचं सॉल्व्हंट ओघळलं तर ॲक्रिलिक रंग सुटतो, हेही ध्यानात असू द्या.

सगळ्यात अनपेक्षित शत्रू निघाला डासांचं मलम. सिरपूर तलावावर संध्याकाळी डीटवालं (डास पळवणारं रसायन असलेलं) मलम चोपडून ट्रायपॉड उचलला आणि वरच्या नळीवर अंगठ्याचा ठसा उमटला, रेघांसकट. रंग मऊ पडला होता. आता मलम लावलं की हात पुसल्याशिवाय कशाला शिवत नाही. बाकी ट्रायपॉडच्या लॉकपाशी रंग उडाला, तो उडणारच. पण कॅमोची हीच मजा, कुठेही फुसकन हात मारा, ठिगळ कळत नाही.

पक्षी जवळ येऊ लागले का? खरं सांगू, फारसा फरक नाही. त्यांची रंगांची नजर आपल्यापेक्षा तिखट, आणि ते बिचकतात मुख्यतः हालचालीला. उन्हात ॲल्युमिनियम चकाकायचं ते थांबलं, आणि माझ्या मते पैसे तिथेच वसूल झाले. लेन्सला मात्र रंग लावला नाही. तिला गुंडाळायची कॅमो पट्टी आणली. ती भिजली की लोंबते, पण निघते तेव्हा डाग ठेवत नाही.

काकांना त्यांची परवान्याची बारा बोअरही रंगवून हवी होती. मी साफ नाही म्हटलं. बंदुकीवरचा नंबर किंवा खूण मिटवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ खाली गुन्हा आहे, आणि नंबर रंगाखाली गेला तर तपासणीच्या वेळी खुलासा कोण देत बसणार? शिवाय गोळ्यांनी नळी तापली की साध्या स्प्रेचा रंग धरत नाही. लष्कराच्या २०२२ च्या नव्या गणवेशाची नक्षीही उतरवू नका, तिचं डिझाइन नोंदणीकृत आहे. महूची लष्करी छावणी इथून हाकेच्या अंतरावर, तसलं काही मिरवलं तर वाटेत चौकशी ठरलेली.

दस्त्याचं व्हार्निश दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पूर्ण उतरवणार आहे. खाकीचा अर्धा कॅन अजून शिल्लक आहे.