ताटं मोजायची राहिली आणि ५५ हजार गेले

बहिणीच्या लग्नाला पाच महिने झाले तरी हे लिहायला हात वळत नव्हता, कारण फसलो हे चारचौघांत सांगायला लाज वाटते. पण आता परत तिथी सुरू होतायत, आणि परवा कुपवाडला कंपनीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकानं विचारलं, "भावा, स्वस्तातला केटरर हाय का कोण ओळखीचा?" तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकतो. केटररचं नाव लिहिणार नाही, विचारू पण नका, कारण असले एकच नसतात आणि बोर्ड बदलायला त्यांना एक दिवस लागतो.

तर झालं असं. अण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यातून रिटायर झालेत, आलेले पैसे बरेचसे घराच्या स्लॅबमध्ये गेलेले. सोनं, कपडे, कार्यालय, मांडव, वाजंत्री असा सगळा हिशोब लावल्यावर जेवणाला दीड लाखाच्या वर एक रुपया नाही असं ठरलं होतं आणि माणसं धरलेली ८००. सांगली-मिरजेत तीन ठिकाणी विचारलं, एक म्हणाला २२०, दुसरा २४०, तिसरा म्हणाला पनीर घेतलं तर २८०. मग कुणाच्या तरी ओळखीनं हा भेटला. १७५ रुपये ताट. पुरी, बटाट्याची सुकी भाजी, अख्खा मसूर, मसालेभात, वरण-भात, जिलेबी, मठ्ठा, कांदाभजी, कोशिंबीर, पापड. आठशेला १७५ म्हणजे एक लाख चाळीस हजार. अण्णांनी कागदावर दोनदा गुणाकार केला आणि पहिल्यांदाच त्या महिन्यात हसले.

आम्ही अगदीच डोळे झाकून दिलं नाही बरं का. चव बघू म्हटलं. तर तो म्हणाला अवश्य बघा, अमुक तारखेला मिरजेजवळ आमचं काम आहे, या जेवायलाच. मी, अण्णा आणि मामा गेलो, स्वतः उभा राहून त्यानं आम्हाला वाढलं, मसालेभात असा की मामांनी तीनदा घेतला. तिथंच इसार ३० हजार दिला. आता नंतर कळलं ते आधीच सांगतो, त्या लग्नाचा स्वयंपाक ह्याचा नव्हताच. आचारी दुसराच होता, ह्यानं तिथं फक्त वाढपी पुरवलेले. म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या हातचं जेवण आम्हाला घालून ह्यानं ऑर्डर घेतली. त्या कार्यालयाच्या वॉचमननं सांगितलं, तेही मामा तिथं दुसऱ्याच कामाला गेले तेव्हा.

लिहून काय घेतलं? काही नाही. त्याच्याच व्हिजिटिंग कार्डाच्या मागं त्यानं पेननं लिहिलं, "८०० ताट, १७५" आणि तारीख. बाकी सगळं तोंडी. कमी माणसं आली तरी ८०० चे पैसे, जास्त झाली तर वरच्या ताटांना हाच रेट, आणि "अण्णा, आम्ही धा टक्के जादाच बनवतो, कमी पडलं तर नाव सांगणार नाही."

हळदीच्या रात्री आला, म्हणाला माल भरायचाय, मार्केट यार्डात उधारी चालत नाही, साठ हजार द्या. रोख. घरात हळदीचा गोंधळ, डीजे चालू, अण्णांनी आतल्या खोलीत जाऊन काढून दिले. पावती कोण मागणार त्या वेळी.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला टेम्पो आला. आम्ही सगळे रात्रभर जागलेले, माझा चुलत भाऊ तेवढा गेटवर होता. त्याला हा म्हणाला, "दादा, पंधराशे ताटं आणल्यात, कमी पडायला नको म्हणून." भाऊ म्हणाला बरं. बस्स, हे "बरं" आम्हाला पन्नास हजाराच्या वर पडलं. ताटं म्हणजे ती कागदी, खणाची, पन्नास-पन्नासच्या पाकिटात येतात ती. कुणी पाकिटं मोजली नाहीत. कशाला मोजणार, लग्न आहे, पाव्हण्यांना चहा द्यायचाय, नवरदेवाकडच्या ट्रॅव्हल्स कऱ्हाडहून निघाल्या का बघायचंय.

मुहूर्त १२ वाजून २० मिनिटांचा. अक्षता पडल्या आणि लोक जेवणाकडं. पहिला पाऊण तास झकास. पावणेदोनच्या सुमारास वाढपी मुलगा माझ्या कानात म्हणाला की मसालेभात संपला. मी म्हटलं दुसरं पातेलं काढ, तर म्हणाला दुसरं नाही. मग मसूर संपला. मग बटाट्याची भाजी. वऱ्हाडाची दुसरी गाडी उशिरा आली होती, ती सत्तर-ऐंशी माणसं हातात ताट घेऊन उभी आणि ताटात काय, तर दोन पुऱ्या, जिलेबी आणि मठ्ठा. नवरदेवाची एक आत्या होती, वयस्कर, लय रागानं नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "भात येईस्तवर अक्षतेचं तांदूळ खायचं का काय आमी?" मी तिथून खाली बघत निघालो.

केटररला गाठलं तर तो उलट माझ्यावरच. म्हणाला, "तुमी आठशे सांगितली, हितं हजाराच्या वर माणूस आलंय, मी काय करू? तांदूळ आणून द्या, चढवून देतो." मी गाडी काढली, माधवनगरच्या रस्त्याला एका दुकानातनं पंधरा किलो तांदूळ आणि डाळ आणली, भात झाला तेव्हा तीन वाजत आलेले, अर्धे लोक निघून गेलेले.

खरं जेवणाचं मी एवढं मनावर घेतलं नसतं, लग्नात कमी-जास्त होतं. पुढचं ऐका. साडेचारला पाठवणी. ताई गाडीजवळ उभी, आई रडतीय, अण्णांचा चेहरा बघवत नव्हता, आणि हा पठ्ठ्या बरोबर तेव्हाच वही घेऊन आला. मला आणि मामांना मागं नेलं, शिल्लक ताटं आमच्यासमोर मोजली, अगदी एकेक करून. सात पाकिटं आणि सुटी वीस. ३७०. पंधराशेतनं तीनशे सत्तर गेली, राहिली अकराशे तीस. अकराशे तीस गुणिले १७५, एक लाख सत्त्याण्णव हजार सातशे पन्नास. वर बारा वाढप्यांचे प्रत्येकी सहाशे, ते म्हणे रेटमध्ये नव्हते. एकूण दोन लाख चार हजार नऊशे पन्नास, नव्वद मिळाले, बाकी एक लाख चौदा हजार नऊशे पन्नास. आम्ही धरलेली बाकी होती पन्नास हजार.

मी म्हटलं पक्कं बिल द्या. म्हणाला देतो की, पण पाच टक्के जीएसटी वरून लावतो, चालंल? आवाज वाढायला लागला, व्याही इकडं बघायला लागले. तोच डाव होता. पोरगी गाडीत बसताना मुलीकडची माणसं आचाऱ्याच्या पैशावरून भांडतायत हे कुठल्या बापाला सोसंल? अण्णांनी मामांना लांबूनच हातानं खूण केली, देऊन टाका. आहेराची पाकिटं फोडून, मामांकडचे घेऊन, एक लाख पाच हजारावर मिटवलं. त्यानं वहीतलं अर्धं पान फाडून त्यावर "हिशोब पूर्ण" लिहून दिलं. त्यावर ना नाव ना सही.

आता हे सापडलं कसं. दुसऱ्या दिवशी कार्यालयाचं डिपॉझिट आणायला गेलो तेव्हा आत्त्या बरोबर होती. आत्त्या म्हणजे आमच्या गावच्या सप्ताहाला पंचवीस वर्षं महाप्रसादाच्या चुलीवर उभी राहिलेली बाई, शंभर माणसाला किती तांदूळ हे तिला विचारायचं, कॅल्क्युलेटर लागत नाही. वाटेत गाडीत म्हणाली, "मला एक सांग, भात कमी पडला तवा त्या टेम्पोत अर्धं पोतं तांदूळ कशाला चढवत हुती पोरं?" मी गाडी बाजूलाच घेतली. तिनं डोळ्यानं बघितलेलं, पण तिला वाटलं ते दुसऱ्या कामाचं असेल. कार्यालयाच्या मागं कचरा तसाच होता. २५ किलोचं तांदळाचं रिकामं पोतं एक, फक्त एक. म्हणजे ते आणि टेम्पोत चढवलेल्या पोत्यातलं वापरलेलं अर्धं, सदतीस-अडतीस किलो धरा. आत्त्या म्हणाली पुरी असली तरी दोन्ही भातांना मिळून माणशी सत्तर-ऐंशी ग्रॅम तांदूळ लागतोच, ह्यात पाचशे माणूस पण नीट जेवत नाही. म्हणजे आठशे सांगून ह्यानं शिजवलंच पाचशेचं, वर दहा टक्के जादा वगैरे सोडाच.

मग मी कचऱ्यात हात घातला, खरंच घातला, नवीन शर्ट होता. ताटांच्या पाकिटाची प्लॅस्टिकची वेष्टणं शोधली. अकराशे तीस ताटं वापरली तर तेवीस पाकिटं फुटायला पाहिजेत. चुलत भावानं आणि मी सगळा ढीग उलटा केला, सोळा निघाली. सोळा पन्नासे आठशे, आणि तेही कुणी भिजलं म्हणून दुसरं ताट घेतलं असेल, पोरांनी खेळायला नेली असतील, ते सगळं धरून. टेम्पोतनं पंधराशे कधी उतरलीच नव्हती. तेवढ्यात आई म्हणाली अक्षतांच्या पुड्या बघा की, साडेआठशे बांधल्या होत्या आम्ही बायकांनी, त्यातल्या सव्वाशे-दीडशे परातीत शिल्लक आहेत. म्हणजे माणूस सातशेच्या आसपास, फार तर साडेसातशे.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू, की "माणूस जास्त आला" ही एकच थाप त्यानं दोनदा विकली. दुपारी जेवण कमी पडलं तेव्हा ती सांगून आमचं तोंड बंद केलं, आणि संध्याकाळी तीच सांगून पैसे काढले. आम्ही पण दिवसभर तेच धरून बसलो, सगळ्या पाव्हण्यांची माफी मागत फिरलो की आमचा अंदाज चुकला.

फोन केला तर म्हणाला ताटं तुमच्यासमोर मोजली, आता कचऱ्यातली प्लॅस्टिकं काय दाखवता. नंतर उचललाच नाही. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला लावला, त्यांनी नीट ऐकून घेतलं पण पहिला प्रश्न बिल आहे का. आमच्याकडं काय तर कार्डाचा पाठीमागचा भाग आणि अर्धं पान. कार्डावर एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्याच्या धंद्याच्या सरकारी परवान्याचा, नंबर छापलेला होता, म्हटलं त्यावरून तरी धरू, मोजला तर तेरा आकडे. तो चौदा आकड्यांचा असतो आणि सरकारच्या साइटवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. दोन मिनिटांचं काम, लग्नाआधी केलं असतं तर. जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. मी तयार आहे, पण अण्णा म्हणतात पोरीच्या लग्नाच्या नावानं कोर्ट नको. बघू.

मधे मार्चमध्ये चुलत बहिणीचं लग्न झालं, ६०० माणसं, बजेट आमच्यापेक्षा पण कमी. ह्या वेळी केटरर घेतलाच नाही. गावाकडचा आचारी मजुरीवर ठरवला, शिधा आपला. आता आचारी पण धुतल्या तांदळाचे असतात असं नाही, त्यानं यादी दिली त्यात तेलाचे सहा डबे आणि खाली बारीक अक्षरात दुकानाचं नाव, इथूनच घ्या म्हणून. त्या दुकानात त्याचं कमिशन असणार हे उघड आहे. आत्त्यानं यादीवर लाल पेन फिरवला, तेल चार डबे, साखर दहा किलोनं कमी, आणि किराणा आम्ही गणपती पेठेतनं आमच्या ओळखीच्या दुकानातनं भरला, भाजी पहाटे मार्केटमधनं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोठीवर आत्त्या स्वतः खुर्ची टाकून बसली, किल्ली कमरेला. पूर्वी प्रत्येक लग्नात कोठीवर घरचं खमकं माणूस बसायचंच, केटरर आले आणि ती खुर्ची गेली. आचाऱ्याचा पोरगा तूप मागायला आला की ही विचारायची, मगाशी नेलेलं कुठं गेलं? ताटं आम्हीच आणलेली, वाढायला गावची पोरं, त्यांना शेवटी जेवण आणि प्रत्येकी टी-शर्ट. पोरांनी एका पाव्हण्याच्या धोतरावर मठ्ठा सांडला, तेवढं सोडलं तर बाकी काही नाही. सगळं धरून, मजुरी, गॅस, ताटं, बर्फ सुद्धा, माणशी एकशे वीसच्या आत बसलं.

अर्थात घरात असं माणूस नसेल तर केटरर घ्यावाच लागतो, हे मला पण कळतं. मग निदान टेम्पो उतरताना एक जण उभा करा, पाकिटं मोजा आणि आकडा लिहून त्यावर तिथल्या तिथं त्याची सही घ्या, वाढपी-गॅस-पाणी रेटमध्ये आहे का ते आधी कागदावर आणा, आणि पैसे खात्यावर टाका म्हणजे तेवढा तरी पुरावा राहील. शेवटचा हिशोब पाठवणीनंतर किंवा दुसऱ्या दिवशी, हे इसार देतानाच सांगा. ह्या एकाच अटीला जो आढेवेढे घेईल त्याच्याकडं परत जाऊ नका.

चुलत बहिणीच्या लग्नात तेलाचा एक डबा आणि पंचवीस किलोचं तांदळाचं एक पोतं न फोडता उरलं. दुकानदारानं दुसऱ्या दिवशी परत घेतलं, बिलातनं पैसे वजा केले. आत्त्या स्वतः गेली होती माझ्या गाडीवर मागं बसून, डबा मांडीवर धरून.