किट लेन्सनंतर कोणती: पन्नासची की ५५-२५०?

कॅमेरा घेऊन सात-आठ महिने झाले की बहुतेकांना हा प्रश्न पडतोच. हातात कॅननचा १५००डी किंवा त्याच्या आसपासचा डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स, आणि पैसे एकाच नव्या लेन्सपुरते. दुकानदार दोन खोकी पुढ्यात ठेवतो. एकात ५० मिमी एफ १.८ एसटीएम, दुसऱ्यात ५५-२५० मिमी एफ ४-५.६ आयएस एसटीएम. मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ: तो जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो. मी दोन्ही लेन्स बरीच वर्षं वापरतोय आणि दोन्हींवर माझा जीव आहे. पण एकीचं काम दुसरीकडून होत नाही. म्हणून आधी स्वतःला विचारा: माझे फोटो बिघडतात ते उजेड कमी पडतो म्हणून, की मी लांब असतो म्हणून?

उजेडाचं आधी सांगतो. भावाच्या मुलीचं बारसं होतं. दहा बाय दहाची खोली, भिंतीवर एक ट्यूबलाइट, पाळण्याभोवती बायकांची गर्दी. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० वर नेऊनही शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याची वेळ, १/६० सेकंदच मिळत होता. बाळाला पाळण्याखालून देता-घेताना सगळ्यांचे हात फराटे ओढल्यासारखे आले आणि चेहऱ्यांवर रवाळ दाणे. मग लेन्स बदलली. पन्नासची एफ २.२ वर ठेवली, आणि त्याच ट्यूबलाइटमध्ये आयएसओ १६०० ला १/१०० मिळाला. आत्या बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगते त्या क्षणाचा फोटो स्वच्छ आला. बाळाच्या कपाळावरची तीटसुद्धा काठासकट दिसते. एफ १.८ ला एफ ५.६ च्या जवळपास दहापट उजेड आत येतो. हा फरक कॅमेऱ्याचं कुठलंही सेटिंग भरून काढू शकत नाही.

पण त्याच खोलीत पन्नासची अडचणही कळली. या कॅमेऱ्यांचा फोटो टिपणारा सेन्सर लहान असल्यामुळे ५० मिमीची लेन्स मोठ्या सेन्सरवरच्या ८० मिमीसारखी दिसते. दहा फुटांवरून जेमतेम साडेचार फूट रुंदीचं दृश्य चौकटीत मावतं. पाळणा आला तर बायका बाहेर, बायका घ्याव्यात तर पाठ दाराला टेकलेली. सगळ्यांचा एकत्र फोटो शेवटी किट लेन्सनेच १८ वर काढला. तुमचं घर लहान असेल आणि घरातलेच फोटो जास्त काढायचे असतील, तर २४ मिमी एफ २.८ ही चपटी लेन्सही एकदा लावून बघा. वजन फक्त १२५ ग्रॅम. पन्नासइतका उजेड घेत नाही, पण भिंतीत शिरावं लागत नाही.

एफ १.८ वर फोकसची खोलीही फार उथळ असते. माणूस एक मीटरवर असेल तर पुढेमागे मिळून अडीच-तीन सेंटिमीटरचाच पट्टा स्पष्ट येतो. डोळा नेमका, कान धूसर. नवशिका फोकसचा बिंदू कॅमेऱ्यावर सोडतो आणि कॅमेरा नाक पकडतो. बिंदू स्वतः निवडून डोळ्यावर ठेवा आणि पहिले काही महिने एफ २.२ ते २.८ च्या खाली जाऊ नका.

आता अंतर. हिवाळ्यात भिगवणला पहाटे होडीत बसलात की उजनीच्या पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) दिसतात. नावाडी होडी हळूहळू नेतो, पण फार जवळ गेलं की थवा उडतो, आणि पक्ष्यांना उठवणं बरंही नाही. समजा पक्षी चाळीस मीटरवर आहे. २५० वर तो आडव्या चौकटीच्या साधारण निम्म्या उंचीचा येतो. पन्नासच्या लेन्समध्ये तोच पक्षी उंचीच्या दहाव्या हिश्शाएवढा. नंतर कितीही क्रॉप केलं, म्हणजे कडा कापून मोठं केलं, तरी पिसांचा पोत परत येत नाही.

तिथे ५५-२५० मधलं आयएस, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, खरंच उपयोगी पडते. ती नसती तर २५० वर हातात धरून किमान १/४०० लागला असता. पण ही सोय तुमचा हात सावरते, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. उडणाऱ्या रोहितासाठी १/१००० च्या पुढेच जावं लागतं, आणि सूर्य वर येईपर्यंत एफ ५.६ ला तेवढा उजेड नसतो. त्या अर्ध्या तासात पाण्यात उभे असलेले पक्षी टिपा. आणि ही लेन्स लहान पक्ष्यांची नाही. वीस मीटरवरचा खंड्या तिच्यात चौकटीच्या रुंदीच्या दहाव्या भागाएवढाच येतो. मुलाचा मैदानावरचा क्रिकेटचा सामना, शाळेच्या रंगमंचावरचा नाच, गडाच्या माचीवरून दिसणारी पलीकडची डोंगररांग, हे मात्र तिचं हक्काचं काम. रंगमंचावर दिवे मंद असतील तर तेवढी ओढाताण होणारच.

‘मागचं धूसर हवं असेल तर पन्नासच घ्या’ हे सगळीकडे ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. ५५-२५० ला २५० वर नेऊन मागे सरका आणि माणूस चौकटीत तेवढाच मोठा ठेवा. लांबवरची झाडं एफ ५.६ लाही पन्नासच्या एफ १.८ पेक्षा जास्त विरघळतात. अट एवढीच, की मागे सरकायला पाचपट जागा हवी आणि उजेड भरपूर हवा. बागेत, शेतात, समुद्रावर जमतं. हॉलमध्ये नाही.

फुलांच्या बाबतीत उत्तर आणखी वेगळं निघतं. कासच्या पठारावर जाणारे मला हटकून विचारतात, यातली कुठली नेऊ? अगदी जवळून घेतलं तर पन्नासच्या चौकटीत साडेदहा सेंटिमीटर रुंदीचा तुकडा येतो, ५५-२५० च्या पावणेआठ सेंटिमीटरचा, आणि ज्या किट लेन्सला सगळे नावं ठेवतात तिच्या चौकटीत साडेसहाचा. म्हणजे फूल सर्वांत मोठं किटमध्येच येतं. तिला ५५ वर न्या, एफ ८ ठेवा, फुलाच्या पातळीवर खाली बसा. पाकळ्यांवर बसू नका, एवढंच.

दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी करा, दोन्ही फुकट आहेत. आतापर्यंतच्या फोटोंमधले आवडलेले शंभर निवडा आणि संगणकावर प्रत्येकाची माहिती उघडून फोकल लेंग्थ आणि आयएसओ बघा. बरेचसे ५५ वर अडकलेले असतील आणि आयएसओ १०० ते ४०० असेल, तर तुम्हाला उजेडाची नाही, पोचण्याची भूक आहे. आयएसओ सारखा ३२०० च्या वर असेल तर उलट. मग किट लेन्सची झूमची रिंग ५० वर फिरवून कागदी चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर तशीच वापरा. तिसऱ्या दिवशी पट्टी उपटून टाकावीशी वाटली, तर पन्नासची घेऊ नका.

मला एकच निवडायची असती तर? घरात लहान मूल असेल, सणवार आणि माणसं हाच तुमचा विषय असेल, तर पन्नासची. १६० ग्रॅमची आहे, तुलनेने स्वस्त आहे, आणि झूम नसल्यामुळे पाय हलवायला शिकवते. सुट्टीच्या दिवशी तुमची गाडी पाणवठ्याकडे किंवा मैदानाकडे वळत असेल, तर ५५-२५०. तिथे पन्नासची बॅगेतून बाहेरसुद्धा येणार नाही.

निकॉनवाल्यांनी एक जपावं. डी३५०० सारख्या कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी ५० मिमी एफ १.८डी स्वस्तात मिळते, पण त्यावर ती आपोआप फोकस करत नाही. नावात ‘एएफ-एस’ (म्हणजे मोटर लेन्समध्येच) आहे ना, ते बघून घ्या. माझ्या मते तिथे ३५ मिमी एफ १.८जी पन्नासपेक्षा सोयीची, खोलीत माणसं मावतात.

जुनी लेन्स घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून आत पाडा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी परत द्या. माझी पहिली ५५-२५० एका पावसाळ्यात रत्नागिरीच्या घरी कपाटात, चामड्याच्या पिशवीत राहिली आणि गणपतीला बाहेर काढली तेव्हा आत तसेच तंतू पसरलेले होते. तेव्हापासून जूनमध्ये सगळ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात जातात. सोबत सिलिका जेलच्या पुड्या असतात. दाण्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा आत ठेवतो.